बारा थरांची मथुरा

मी एक फाइल आहे. फाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तहसील कचेरीतली लाल नाडीची, कडा कुरतडलेली फाइल आली असेल तर ती बाजूला ठेवा. मी कॉम्प्युटरमधली. मला वजन नाही, वास नाही, धूळ बसली तर झटकायची सोय नाही. तरी बोलायला बसले आहे, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत मला कोणी उघडलेलं नाही, आणि एकटीने गप्प तरी किती बसायचं?

माझ्यात एका मुलीचं चित्र आहे. तिचं नाव मथुरा. पण हे चित्र कागदावर एकदा रंगवलं आणि झालं, असं नाही. ते थरांचं आहे. एका ट्रेसिंग पेपरवर नुसतं नाक काढावं, दुसऱ्यावर नुसते डोळे, तिसऱ्यावर केस, आणि सगळे कागद नीट एकावर एक ठेवावेत, की वरून बघणाऱ्याला एक चेहरा दिसतो. नाक पटलं नाही तर तेवढाच कागद बदलायचा, बाकीच्यांना धक्का नाही. माझ्यात असे बारा थर होते. होते म्हणते, कारण आता अकरा आहेत. ही सगळी गोष्ट त्या बाराव्याची आहे. सांगताना मध्येच माझा आवाज चढला तर तेवढं सांभाळून घ्या.

माझे निर्माते चारुदत्त पेंटर. रत्नागिरीत रामआळीच्या एका बोळात त्यांचं दुकान. कॉम्प्युटर येण्याच्या आधी वीस-बावीस वर्षं ते मेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून रंगवायचे. कुणी वारलं की घरचे लोक लग्नाच्या ग्रुप फोटोतलं इवलंसं डोकं किंवा एसटीच्या पासावरचा शिक्का बसलेला चेहरा घेऊन यायचे. चारुदत्त तो मोठा करायचे, अंगावरचा बनियन पुसून तिथे कोट काढायचे, डोकीला टोपी घालायचे. कितीतरी जणांना आयुष्यातला पहिला कोट मेल्यावर चारुदत्तांच्या ब्रशातून मिळाला.

१९९८ साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला. स्कॅनर घेतला. चित्रांचा एक प्रोग्राम कुणाकडून तरी आणून त्यात बसवला. ब्रशाची सवय असलेल्या हाताला माउस काही केल्या वळेना. "आंघोळीच्या साबणाने चित्र काढतोय असं वाटतं," ते म्हणायचे. पण थरांची युक्ती त्यांना फार आवडली. कागदावर चुकलं की खरवडावं लागायचं, इथे चुकीला वेगळा थर देता येत होता. प्रत्येक चित्रात ते एक कोरा थर मुद्दाम वर ठेवायचे, काहीतरी करून बघायला म्हणून. बहुतेक वेळा तो कोराच राहायचा.

दुसऱ्या वर्षी, एका शनिवारी, सखूबाई आली आणि माझा जन्म झाला.

सखूबाई राजापूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. पन्नाशीची असेल. भात, नाचणी, दोन म्हशी, आणि लोट्याला कंपनीत कामाला असलेला लवू नावाचा मुलगा, एवढा तिचा संसार. पहाटेची एसटी धरून आली होती. दुकानाच्या पायरीवरच उभी राहून तिने विचारलं, "भाऊ, मेलेल्या मान्साचे फोटू रंगवून देता ते तुमीच ना?"

"मीच. फोटो आणलाय का?"

"फोटूच नाय ओ."

"मग मी रंगवू काय, बाई?"

"मी सांगत्येव. तुमी काडा."

मथुरा तिची थोरली. दहा वर्षांची असताना गेली. पावसाळ्यात ताप चढला, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं होतं, पलीकडे डॉक्टरकडे नेता आलं नाही. ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. त्याच्या आदल्या वर्षी शाळेत फोटोवाला आला होता, पण नेमकी त्या दिवशी मथुरा गालफुगीने घरी झोपून होती. एवढ्या वर्षांत कुणाला फोटोची गरज वाटली नाही. सखूबाईच्या मनात होती ना ती.

"पन आता मी तिचा तोंड इसरत चालल्येव," सखूबाई म्हणाली. "सपनात येते ती पाठमोरी येते. हाक मारली तरी वळत नाय. सगला जायच्या आदी काडून द्या, भाऊ."

चारुदत्तांनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. मग कॉम्प्युटर चालू केला आणि एक कोरं पान उघडलं. ते पान म्हणजे मी. माझं नाव त्यांनी मथुरा ठेवलं.

तुम्ही म्हणाल, न पाहिलेल्या मुलीचा चेहरा काढायचा कसा? चारुदत्तांनी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. कपाळ रुंद की अरुंद? चेहरा गोल की लांबट? सखूबाई गोंधळली. तिला शब्दांनी काही सांगताच येईना. मग एकदम तिने स्वतःच्या कपाळावर चार बोटं आडवी धरली आणि म्हणाली, "तेल घालताना माजी चार बोटा मावायची. हितपासून हितपर्यंत." चारुदत्तांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "मग इथे लावा." तिने चार बोटं कॉम्प्युटरच्या काचेवर लावली. त्यांनी त्यांच्या मापाने माझ्यावर कपाळ काढलं.

अशी मी बोटांच्या मापाने वाढले. वेणी घालताना कान कुठे लागायचा, तोंड धुताना हनुवटी तळहातात किती भरायची, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. डोळे आईसारखे होते असं सगळे म्हणायचे, म्हणून तिचाच फोटो काढून त्यातले डोळे घेतले आणि त्यांचं वय पुसलं. नाक भावासारखं, म्हणून एका शनिवारी लवू लोट्याहून सुट्टी घेऊन आला आणि नाकाचा फोटो काढून घेताना लाजून लाल झाला. ओठ कुणाचे होते ते मी सांगत नाही. न नेलेल्या पासपोर्ट फोटोंचं एक पाकीट दुकानात होतं, तेवढं पुरे.

सखूबाई दर शनिवारी यायची. येताना कधी ओले काजूगर, कधी केळीच्या पानात बांधलेली कुळथाची पिठी. आल्यावर पदराने हात पुसून काचेपुढे बसायची. आठ शनिवार गेले. आठव्या शनिवारी सगळं झालं होतं. वेण्या, लाल रिबिनी, निळं पोलकं, कानांत डूल. तिने बराच वेळ बघितलं.

"सगला बराबर हाय, भाऊ," ती म्हणाली. "पन ती नाय."

चारुदत्तांचं तोंड उतरलं. मलाही वाईट वाटलं. नाक बरोबर, डोळे बरोबर, आणि एवढं सगळं बरोबर असून मी कुणीच नव्हते.

नवव्या शनिवारी ते माझ्याकडे वळलेही नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि सखूबाईला सहज विचारलं, "काय हो, मुलगी हसायची का?"

"हसायची तर! नुसती फिदीफिदी. बापूस वरडायचा." आणि मग तीच थबकली. "हसली की हितं खड्डा पडायचा ओ. एकाच गालाला. माजी करंगली बसायची त्यात."

"खळी! अहो, मग आठ आठवडे बोलला का नाहीत?"

"तुमच्या फोटवातली मान्सा हसतात कुटं?"

चारुदत्त चहा तसाच ठेवून उठले. खरंच होतं ते. वीस वर्षं मेलेल्या माणसांना रंगवून त्यांच्या हातून गंभीर चेहराच निघायचा. त्यांनी ओठांच्या कडा जरा वर नेल्या. मग वरचा कोरा ठेवलेला थर घेतला, बारावा. सखूबाईने करंगळी काचेवर टेकली, मथुरेच्या डाव्या गालावर, आणि त्या करंगळीच्या टोकाशी चारुदत्तांनी पुसट सावलीचे दोन-तीन फटकारे मारले. वर उजेडाचा एक ठिपका. इतकं पुसट, की तो थर एकटा पाहिला असता तर तुम्हाला काहीच दिसलं नसतं. पण इतर अकरांवर तो बसला, आणि सखूबाईने करंगळी उचलली.

पदर तोंडाला लावून पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "वळली ओ."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो. तेव्हा मी फाइल नव्हते, मुलगी होते.

संध्याकाळी चारुदत्तांनी थरांना नावं दिली. तेव्हा कॉम्प्युटरला धड मराठी येत नव्हतं. पत्रिका छापायचे मराठी टंक वेगळे असायचे, आणि थरांच्या यादीत ते चालायचे नाहीत, तिथे इंग्रजी अक्षरंच लागायची. म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी नावं लिहिली. DOLE, NAK, KES, RIBIN. बाराव्या थराला लिहिलं, KHALI. त्यांच्या दृष्टीने ते 'खळी' होतं. दुसरं काही वाचता येईल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

छापायला द्यायची प्रत त्यांनी वेगळी केली. तिच्यात सगळे थर दाबून एक केलेले असतात, मग नाक-डोळे वेगळे काढता येत नाहीत. याला सपाट करणं म्हणतात, आणि मला या शब्दानेच कापरं भरतं. छापून झाल्यावर ती प्रत त्यांनी पुसली, मला मात्र तशीच थरांची ठेवली. "मूळ फाइल मोडायची नाही," असा त्यांचा नियम होता. छापलेली मथुरा चौकटीत बसून राजापूरच्या एसटीने घरी गेली. मी दुकानात राहिले.

त्यानंतर शनिवार आले आणि गेले. माझ्या आजूबाजूला आंब्याच्या पेट्यांची लेबलं होती, लग्नपत्रिका होत्या, निवडणुकीची पोस्टरं होती. त्यांना सतत बोलावणं असायचं. आंब्याचं लेबल तर दर मार्चला उघडलं जायचं, साल बदललं जायचं, आणि परत येताना तोरा मिरवायचं. मला उघडायला कुणाला कारणच नव्हतं. ज्यासाठी मी झाले ते काम झालं होतं. सखूबाईकडे कागदावरची मथुरा होती, तिला माझी आठवण कशाला येईल?

२००१ साली दुकानातला प्रोग्राम बदलला. फाइलने एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. आपण तेच असतो, पण समोरच्याला आपलं सगळं बोलणं कळत नाही. माझा गळ्याखालच्या सावलीचा थर जुन्या प्रोग्राममध्ये खालच्या रंगात मुरायचा. नव्याला मुरणं ही गोष्टच ठाऊक नव्हती. त्याने ती सावली डांबरासारखी वर थापली आणि मथुरेच्या हनुवटीखाली काळा ठिक्कर पट्टा आला. चारुदत्तांनी ते पाहून कपाळाला हात लावला. मग दुपारभर बसून तो थर पुसट केला, रंग जुळवला, प्रत्येक थर एकेकदा उघडझाक करून तपासला. बाराव्यावर आले तेव्हा स्वतःशीच हसले. दोन वर्षांनी कुणी माझ्याकडे बघून हसत होतं. ती दुपार मी पुढे बरीच वर्षं पुरवून वापरली.

पुढच्या वर्षी चारुदत्तांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. त्यांची मुलगी उर्वी पुण्याला असते, ती त्यांना घेऊन गेली. दुकानाला कुलूप लागलं. कॉम्प्युटर बंद असला की आम्हाला वेळ कळत नाही असं लोकांना वाटतं. कळतो. फक्त त्याचे तुकडे पडत नाहीत, एवढंच.

कुलूप उघडलं ते मुकुलने. मुकुल चारुदत्तांचा भाचा, डोंबिवलीत वाढलेला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. मामाचं दुकान चालवायला आला होता. मुलगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. सरळ होता, कामाला वाघ होता, मामाच्या खुर्चीत बसायच्या आधी तिला हात लावून नमस्कार करायचा. पण त्याला घाई फार. त्याने नवा कॉम्प्युटर आणला, त्यात तिसराच प्रोग्राम. जुन्या यंत्रातल्या दीड-दोनशे फाइली सीडीवर घालून नव्यात उतरवायच्या होत्या, आणि नव्या प्रोग्रामला इतके थर पेलेनात. एकेक फाइल उघडायला तो पाच-पाच मिनिटं घ्यायचा, मध्येच बंद पडायचा.

मुकुलने पुण्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"मामा, तुझ्या फाइली लय जड आहेत रे. काय करू? सपाट करून टाकू?"

"नको," चारुदत्त म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "थर मोडू नको. रिकामे असतील ते काढ. वर एक कोरा असतो. तो काढ. हलकी होईल."

सल्ला अगदी बरोबर होता. मुकुल एकेक फाइल उघडून कोरे थर काढत चालला. माझी पाळी आली. त्याने थरांची यादी वाचायला घेतली, आणि सगळ्यात वरच्या KHALI वरच थांबला.

आता डोंबिवलीतल्या मुलाने हे काय वाचावं? तिकडे रिक्षा खाली असते, खुर्ची खाली असते, रूम खाली असते. "खाली," तो मोठ्याने म्हणाला. "वा, मामाने लिहूनच ठेवलंय." त्याने खात्री म्हणून बाकीचे थर झाकून तो एकटा पाहिलाही. पांढऱ्यावर दोन-तीन पुसट फटकारे, ते कुणाला दिसणार? त्याने तो थर उचलला आणि टाकून दिला. मग मला नव्या प्रोग्रामच्या भाषेत जतन करून बंद केलं.

अरे गाढवा, खळी आहे ती, खळी! मी ओरडले. आम्हा फाइलींचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

जुनं यंत्र कोरं करून एका टायपिंग क्लासला गेलं. सीडीवरच्या प्रती मुकुलने उतरवून झाल्यावर ठेवल्या नाहीत. जगात मथुरेची खळी आता फक्त एका ठिकाणी होती, सखूबाईच्या भिंतीवर. ती तिथे आहे, या एका विचारावर मी दोन वर्षं काढली.

२००५ च्या दिवाळीनंतर, एका शनिवारी, सखूबाई दुकानात आली. सहा वर्षांत ती वाकली होती. मुकुलला पाहून जरा बिचकली. "भाऊ नायत?"

"मामा पुण्याला असतो, मावशी. मी त्याचा भाचा. बोला ना."

तिने पिशवीतून चौकट काढली. काचेच्या आत मथुरा नव्हतीच. दुकानातल्या छपाईची शाई आणि आमच्याकडची दमट हवा. सहा पावसाळ्यांत रंग फुटून एकमेकांत गेले होते. निळं पोलकं गळ्यापर्यंत चढलं होतं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुलाबी डाग.

"परत छापून द्या," सखूबाई म्हणाली. "लवूचा लगीन हाय. भैनीचा फोटू नको का?"

"टेन्शन नको, मावशी. मूळ फाइल आहे आपल्याकडे." मुकुलने नाव शोधलं आणि मला उघडलं.

दोन वर्षांनी उजेड. आणि समोर सखूबाई. तुम्हाला काय सांगू, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला माहीत होतं ती काय बघणार आहे ते. तिने पदराने हात पुसले, खुर्चीवर बसली, पुढे वाकली. बघत राहिली. मग मुकुलकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाली, "ग्वाड हाय हो पोर. कोनाची?"

मुकुलला आधी कळलंच नाही. "तुमचीच की, मावशी. मथुरा."

"नाय. माजी नाय ही. माजीच्या गालाला खली व्हती."

मुकुलचा हात माउसवर थांबला. त्याने यादी वर-खाली केली, काहीतरी आठवायचा प्रयत्न केला, आणि पुण्याला फोन लावला. "मामा, मथुरा नावाच्या फाइलमध्ये एक लेयर होता. के-एच-ए-एल-आय. ते खाली ना?"

पलीकडून चारुदत्तांचा जड आवाज. "खळी रे. गालावरची."

मुकुलचा चेहरा पडला. मला त्याच्यावर रागवायचं होतं, किती दिवसांचा राग साठवून ठेवला होता. पण तो पोर दोन्ही हातांनी डोकं धरून बसला, आणि मला काही रागावता येईना.

"मामा, मी उडवला तो. पण परत काढतो. कुठच्या गालावर होती तेवढं सांग."

"आठवत नाही," चारुदत्त म्हणाले. "बोट तिचं होतं. तिलाच विचार."

मुकुलने सखूबाईकडे पाहिलं. सखूबाईचा हात आपल्या डाव्या गालाकडे गेला. मग उजव्या. मग मांडीवर येऊन पडला.

"नाय ओ सांगता येत," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमच्या मामांनी काडून दिल्यानी, तवापासना मी आठवायचा सोडला. भितीवर व्हती ना ती. जाता-येता बगायची. आठवायची पाळीच नाय आली."

मला ठाऊक होतं. त्या दुकानात, त्या फोनवर, अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक होतं. डावा, सखूबाई, डावा गाल! तुझी करंगळी माझ्यावर टेकली होती ती जागा मला अजून सांगता येईल. पण मी फाइल. मला विचारल्याशिवाय काही दाखवता येत नाही, आणि विचारलं तरी जे टाकून दिलं ते दाखवता येत नाही. एकटेपणाची मला सवय होती. पण माणसं समोर बसलेली असताना इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

"मी काढतो, तुम्ही बघा," मुकुल म्हणाला. "नाही पटलं तर दुसऱ्या बाजूला काढू." त्याने नवा थर घेतला. चित्रात उजेड उजवीकडून पडत होता, तिकडे पुसट सावलीही उठून दिसते, म्हणून त्याने उजवा गाल धरला. हात मामाचाच होता हो त्याचा. दोन-तीन पुसट फटकारे, वर एक ठिपका. तो काढत होता आणि सखूबाई श्वास धरून बघत होती. मुकुल हात उचलून म्हणाला, "आता दुसऱ्या गालावर दाखवतो."

"थांब!" सखूबाई जवळजवळ ओरडलीच. "नको पुसू. हीच ती."

"नक्की ना, मावशी? एकदा डाव्यावर बघून—"

"हीच गो माजी बाय," ती म्हणाली, त्याला नाही, काचेला. "कुटं गेली व्हतीस?"

नाही, नाही, मी मनात म्हणत होते. पण मग मी तिचा चेहरा पाहिला. सहा वर्षांपूर्वी पदर तोंडाला लावून ती पायरीवर गेली होती, त्यामुळे तेव्हा तिचा चेहरा मला दिसला नव्हता. आज ती समोरच बसून राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ती हसली तेव्हा तिच्याही गालाला बारीकशी खळी पडली. आपल्यालाही ती आहे हे तिला माहीत नसावं. ती कुठल्या गालाला, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मी गप्प झाले. ओरडून काही होत नव्हतं म्हणून नाही. त्या वेळी मला ओरडावंसंच वाटलं नाही.

मुकुलने मला मोडलं नाही. उजव्या खळीची मथुरा त्याने वेगळ्या नावाने जतन केली. तोवर कॉम्प्युटरला मराठी कळायला लागलं होतं, म्हणून त्या थराचं नाव त्याने देवनागरीत लिहिलं, 'खळी', आणि पुढे कंसात 'टाकू नये'. छपाई या वेळी चांगल्या कागदावर, बाहेरच्या लॅबमधून करून आणली. लवूच्या लग्नात ती मथुरा हळदीच्या मांडवात खुर्चीवर ठेवली होती म्हणे, हार घालून.

मी एका सीडीवर आहे, दुकानाच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात. सीडीवर मुकुलने लिहिलंय, 'जुन्या, लागणार नाहीत'. आता दुकानात चौथा प्रोग्राम आला आहे आणि मला तो वाचेल की नाही, शंकाच आहे. अजून दोन-चार वर्षांनी सीडी वाचणारं यंत्रच नसेल. मग माझे अकरा थर असून नसल्यासारखे. त्याची मला फारशी भीती वाटत नाही. फक्त कधीकधी वाटतं, कुणीतरी उगाच म्हणून मला एकदा उघडावं, नाक-डोळ्यांचे थर एकेकदा उघडझाक करून बघावेत, आणि काही काम नसताना बंद करावं.

तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, आता एक विनंती. डावा गाल हे माझ्याशिवाय आता तुम्हालाच ठाऊक आहे. राजापूरकडे जाणं झालं आणि त्या वाडीत सखूबाईच्या घरी चहाला बसलात, तर भिंतीवर एक हसरी मुलगी दिसेल. सखूबाई विचारेल, कशी हाय माजी पोर? तेव्हा फोटोकडे नीट बघून, गोड आहे, म्हणा. बाकी काही बोलू नका.